बटणवाल्यांचा रोजचा पाहुणा

सकाळी देवापुढे बसले की स्वतःसाठी काही मागायचं नाही, हे माझं व्रत. रोज दुसऱ्या कुणासाठी तरी मागायचं. शेजारणीचा गुडघा, दूधवाल्याची सायकल, काहीही. मग चहाआधी आणखी एक नेम: लेकीनं केलेली वेबसाइट डोळे भरून बघायची. हे तिला बोलले नव्हते. सांगितलेला नेम हलका होतो.

लेक घरूनच कामं घेते. कुणाची नोकर नाही, म्हणून सगळ्यांचीच नोकर. बटणांच्या एका दुकानाची वेबसाइट तिच्याकडे होती. शिंपल्याची बटणं, लाकडाची, पितळेची.

एकदा जेवताना ती म्हणाली, "आई, जुने ब्राउझर आता सोडून देणार. त्यांच्यापायी प्रत्येक काम दोनदा करावं लागतं."

"ब्राउझर म्हणजे?"

"इंटरनेट बघायची खिडकी गं. एखाद्याची इतकी जुनी असते की नवीन काही धड दिसतच नाही."

"किती जण आहेत असे?"

"एकच! रोज सकाळी येतो, सगळी बटणं बघतो, घेत काही नाही. बटणवाले म्हणतात, त्या फुकट्याला घाला चुलीत."

मी घास ताटात ठेवला. "असेल गं कुणी बिचारा. नको त्याला बाहेर काढूस."

"बिचारा! माझी मान मोडली त्याच्यापायी."

पण माझ्या शब्दाखातर ती दुप्पट काम उपसत राहिली. मीही रोज त्याच्यासाठीच मागू लागले. कोण, कुठला, देव जाणे. ‘त्याला दारातून परत पाठवू नकोस रे बाबा.’

इकडे बटणवाले फोनवर कावलेले. "नवी वेबसाइट कधी? की आधी त्या पाहुण्याचं लग्न लावून देताय?" शेवटी त्यांनी बजावलं, सोमवारी झालं नाही तर काम दुसऱ्याला. लेकीचे लाल डोळे बघून मीच म्हटलं, "काढ बाई त्याला." आणि देवाची माफी मागितली.

मंगळवारी नेमाप्रमाणे टॅब उघडला. लेकीनंच वापरून जुना झाल्यावर मला दिलेला. बघते तर बटणं गायब. नुसती एक ओळ: ‘तुमचा ब्राउझर फार जुना झाला आहे. कृपया नवा घ्या.’

"अगं, हे काय म्हणतंय मला?"

लेकीनं टॅबकडे बघितलं, मग माझ्याकडे. "आई, तू रोज हे उघडतेस?"

"तुझ्या कामाला यश यावं म्हणून. पण त्या बिचाऱ्याचं काय झालं?"

ती मटकन खाली बसली आणि हसत सुटली. "तो बिचारा तूच!"

"मी? मी कशी असेन?"

"रोज सकाळी, सगळी बटणं, घेणं काही नाही. सांग, कोण?"

"म्हणजे तो फुकट्या..."

"तूच गं, आई."

व्रत मोडलं म्हणावं, तर मला ठाऊक नव्हतं. पाळलं म्हणावं, तर इतके दिवस मागितलं स्वतःसाठीच. आणि लेकीची मान मोडली ती कुणी?

तिनं स्वतःची खुर्ची माझ्याकडे सरकवली, तिच्या मोठ्या पडद्यावर बटणं लावून दिली. "इथं बसून बघत जा. चहा मात्र तू आणायचास."

म्हणजे दारातून परत पाठवलं नाहीच. आता आभार मानावेत, तर कुणाच्या वतीनं?

पुन्हा देवापुढे जाऊन हात जोडले. शेवटी बटणवाल्यांसाठी मागितलं आणि चहा टाकायला उठले.