प्रत्येक प्रश्नाला होकार

ठोकळे फरशीवर आपटून थांबले आणि लुवेईकांगच्या नगरसभेचं अख्खं दालन पुढे झुकलं. चंद्रकोरीच्या आकाराचे दोन लाल लाकडी ठोकळे. एकाचं सपाट अंग वर, दुसरा पालथा. म्हणजे देवीचा होकार. पुन्हा होकार. भिंतीला टेकून उभ्या असलेल्या बायकांनी हात जोडले, खिडकीच्या कट्ट्यावर चढलेल्या कोळ्यांनी एकमेकांच्या पाठीवर थापा मारल्या, आणि सकाळपासून चेहरे कोरे ठेवून बसलेले नगरसेवकही चुळबुळ करायला लागले. गुरू वेईंनी कितीदा विचारलं तरी देवीचं उत्तर बदलत नव्हतं. असा कौल गावातल्या म्हाताऱ्यांनीही कधी पाहिला नव्हता.

गुरू वेई डोळे मिटूनच म्हणाले, "मी कोण? मी देवीचा पोस्टमन. पत्र तिचं, पत्ता तुमचा. मी तर तिकीटसुद्धा लावत नाही."

लोक हसले. भारावलेली माणसं हसतात तसे हसले.

पोस्टमनचं पत्र मात्र वजनदार होतं. दरवर्षी थोडा निधी रहिवाशांनी सुचवलेल्या कामांसाठी बाजूला ठेवायचा, प्रस्ताव मागवायचे आणि त्यातून नगरसभेने निवड करायची, असा त्या गावाचा शिरस्ता. यंदा शेवटच्या फेरीत दोन प्रस्ताव उरले होते. पहिला मागच्या गल्लीचा: तुंबणारा नाला रुंद करायचा आणि खाडीच्या तोंडाशी पाणी उपसणारा पंप बसवायचा. दुसरा गुरू वेईंचा: त्याच खाडीच्या तोंडाशी 'पूरशमन मंडप' उभारायचा आणि त्याच्या खांबाला दगडी ड्रॅगन वेटोळून बसवायचा. ड्रॅगनची शेपटी एकदा पाण्यात बुडली की वादळाचं पाणी गावात शिरायला धजणार नाही, असं गुरुजींचं म्हणणं. दोन्ही कामं होतील एवढा निधी नव्हता, आणि देवीचा होकार मंडपाला होता.

तिसऱ्या रांगेत चुआंग सूयिन पेनाचं टोपण काढत होती, लावत होती, पुन्हा काढत होती. ती मागच्या गल्लीची नगरसेविका. गल्लीच्या तोंडाशीच तिचं औषधांचं दुकान होतं. सागरदेवी माझूला उदबत्ती लावल्याशिवाय ती दुकानाचं शटर वर करत नसे, त्यामुळे देवीबद्दल तिला शंका नव्हती. शंका दुसरीच होती, आणि ती तिला स्वस्थ बसू देत नव्हती.

शंकेचं मूळ आश्यूमध्ये होतं. आश्यू गल्लीत तोफू करून विकायची. गेल्या वादळात तिने अंथरुणाला खिळलेल्या आईला तळमजल्यावर ठेवलं आणि सोयाबीनची पोती वर हलवायला घेतली. पाणी दरवेळी घोट्यापर्यंत यायचं, तसंच येईल असं तिला वाटलं. पण नाला तुंबून उलटा फिरला, स्वयंपाकघरातल्या मोरीच्या जाळीतून पाणी उसळलं, आणि ती खाली धावली तेव्हा उशीर झाला होता. नाल्याचा प्रस्ताव सर्वांत आधी मांडला तो तिनेच. आणि मग काही महिन्यांनी तीच आश्यू दारोदार फिरून मंडपासाठी सह्या गोळा करायला लागली.

मागच्या आठवड्यात ती झोपेच्या गोळ्या मागायला दुकानात आली. डोळे खोल गेलेले. सूयिनने गोळ्या दिल्या नाहीत, गरम चहा दिला आणि समोर बसवून घेतलं. चहा संपल्यावर आश्यू बोलली.

"ताई, मी गुरुजींकडे कौल लावला. विचारलं, आई माझ्यावर रागावलीय का? होकार आला. वाटलं, बघण्यात चूक झाली असेल. परत विचारलं. परत होकार." मग खाली बघत म्हणाली, "मंडप झाला की तिचा राग जाईल म्हणाले."

ती गेल्यावर सूयिनला गिऱ्हाईकाशी धड बोलता येईना. दुपारी तिने घरातल्या देव्हाऱ्यातले जुने ठोकळे काढले आणि मनाला येईल ते विचारत टाकत सुटली. कधी दोन्ही पालथे पडले, म्हणजे नकार. कधी दोन्ही उताणे, म्हणजे देवी नुसतीच हसली. मधूनच एखादा होकार. चाकाच्या खुर्चीतून सासूबाई बघत होत्या.

"देवीला काय खेळायला घेतलंयस का?" त्या करवादल्या. "तुझ्या लग्नाचं विचारलं तेव्हा तिने सरळ नकार दिला होता. मी पुन्हा टाकले. पुन्हा नकार. शेवटी कंटाळून हो म्हणाली."

सूयिनचा हात थांबला. सासूबाई उगीच टोमणा मारायला गेल्या, पण त्यात खरी गोष्ट होती. देवी नकार देते. घरोघरी देते, देवळात देते, लग्नाला देते, बोटीच्या खरेदीला देते. गुरू वेईंच्या ठोकळ्यांनी मात्र नकार दिल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. आश्यूने एवढा भयंकर प्रश्न विचारला, त्यालाही नाही.

तिने अध्यक्ष काओंना गाठून हे सांगितलं होतं. काओ जुने, मुरलेले गृहस्थ. त्यांनी ऐकून घेतलं, मान डोलावली आणि म्हणाले की निवडणूक तोंडावर आहे, देवीशी वाकडं घेऊन कुणाचं भलं झालंय? त्यांनीच मग गुरुजींना आज भर सभेत कौल लावायची परवानगी दिली होती.

आता तेच काओ घसा साफ करून म्हणत होते की एवढा स्पष्ट कौल मिळाल्यावर चर्चेची गरज नाही, सरळ मतदान घेऊ. सूयिनचा घरी आलेला संशय इथे खोटा ठरला तर गल्लीत तोंड दाखवायला जागा उरली नसती. तरी ती उठली.

"अध्यक्षसाहेब, माझ्या प्रभागालाही देवीला एक प्रश्न विचारायचा आहे. याच ठोकळ्यांनी."

गुरू वेईंनी डोळे उघडले. "बाई, हे बाजारातले ठोकळे नव्हेत. निर्मळ हात लागतो."

"आश्यूचा चालेल? तिच्याइतकं निर्मळ मन गावात नाही, असं तुम्हीच मागच्या प्रवचनात म्हणालात."

दालनातल्या सगळ्या माना आश्यूकडे वळल्या. गुरुजींना नाही म्हणायला तोंड उरलं नाही. आश्यू बिचकत पुढे आली, गुडघे टेकून बसली आणि तिने ठोकळे ओंजळीत घेतले.

सूयिनने प्रश्न सांगितला: देवीला मंडप नको, पंप हवा, असं आहे का? आश्यूने ठोकळे सोडले. होकार.

गुरुजी हसले आणि म्हणाले, आईचं मन मोठं असतं, तिला मंडपही हवा आणि पंपही. काही माना पटल्यासारख्या हलल्या. सूयिनने लगेच दुसरा प्रश्न दिला: मंडप बांधला तर देवी कायमची गाव सोडून जाईल का? होकार. खिडकीतला एक कोळी फिसकन हसला आणि त्याच्या बायकोने त्याला कोपराने ढोसलं.

"देवी आज चेष्टेच्या लहरीत आहे," गुरुजी घाईने म्हणाले. "अशा वेळी विचारू नये. मी तर केवळ पोस्टमन..." आणि ते ठोकळे उचलायला वाकले.

पण आश्यूने ते आधीच उचलले होते. तिने कुणाकडे पाहिलं नाही. ती इतक्या हळू बोलली की पहिल्या तीन रांगांनाच ऐकू गेलं.

"माझी आई माझ्यावर रागावलेली नाही ना?"

ठोकळे पडले. होकार.

आश्यू त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने मान वर केली. "गुरुजी, त्या दिवशी रागावलीय म्हणून होकार होता. आज रागावलेली नाही म्हणून होकार आहे. मी इतके महिने जळतेय ते कशावर?"

सूयिन पुढे गेली, आश्यूच्या खांद्यावर हात ठेवला आणि एकच ठोकळा उचलून फरशीवर टाकला. सपाट बाजू वर. पुन्हा टाकला, उंचावरून, तिरका, गरगर फिरवून. दरवेळी सपाट बाजूच वर. मग दुसरा घेतला. तो कसाही फेकला तरी पालथाच पडत होता. आता पाठीमागचे लोक खुर्च्यांवर उभे राहिले. काओ स्वतःच्या आसनावरून खाली उतरले, त्यांनी पहिला ठोकळा हातात तोलला आणि खिशातल्या किल्लीने त्याच्या फुगीर बाजूवरचा लाल रंग खरवडला. आतून करडं शिसं चमकलं. दुसऱ्यात शिसं सपाट बाजूला होतं.

सूयिनने ठोकळे उंच धरून दाखवले. "एकाच्या पाठीत शिसं, दुसऱ्याच्या पोटात. जड बाजू खाली जाणारच. म्हणून एक नेहमी उताणा, एक नेहमी पालथा. यांना काहीही विचारा, हे हो म्हणणार. यात देवी कुठेच नाही. सुतार आहे."

गर्दी खवळली, पण सगळी एका बाजूने नाही. कुणी गुरुजींच्या अंगावर धावलं. त्यांना कोतवालाच्या खोलीत नेऊन बसवावं लागलं. पण एक वयस्क कोळी सूयिनवरच तापला. भर सभेत देवीची विटंबना केलीत, उद्या समुद्रात आमचं काही झालं तर जबाबदार कोण, असं त्याने दरडावून विचारलं. सूयिनने टेबलावर हात टेकले.

"काका, विटंबना शिसं भरणाऱ्याने केली. माझ्या घरी देवी आहे, उद्याही असेल. तिला मनातलं सांगा, नवस बोला, तुमची मर्जी. पण पाणी कुठून शिरतं हे तिला कशाला विचारायचं? ते आपण डोळ्यांनी पाहिलंय."

तेव्हा आश्यू उभी राहिली. जाळीतून पाणी कसं उसळलं, नाल्याच्या कोणत्या वळणावर गाळ साचतो, भरतीच्या वेळी खाडी उलटी कशी वाहते, ते तिने सांगितलं. तिचं बोलून झाल्यावर काओंनी मतदान घेतलं. पंपाच्या बाजूने हात वर होत गेले. काओंचा हात सर्वांत शेवटी वर झाला, पण झाला.

वादळाचे दिवस फार लांब नव्हते. पंप त्याआधी बसेल का, ठेकेदार वेळेवर येईल का, ही काळजी सूयिनच्या डोक्यात तिथेच सुरू झाली. दाराशी तिला माणसांनी गराडा घातला. एका बाईने विचारलं की आम्ही अडाणी माणसं, पुढच्या वेळी खरं-खोटं ओळखायचं कसं?

"प्रश्न उलटा करून विचारायचा," सूयिन म्हणाली. "कुणीही चमत्कार दाखवला की हात जोडण्याआधी एकदा विचारून बघायचं. जे खरं आहे, त्याचं आपल्या विचारण्याने काही बिघडत नाही. जो विचारू देत नाही, त्याच्यापासून लांब राहायचं."