शारजातली वाळवणाची चादर

मी वाळवणाची चादर बोलतेय. इचलकरंजीच्या मागावर जन्मले, रत्नागिरीच्या बाजारात विकली गेले. "रंग जाणार नाही," दुकानदार शपथेवर म्हणाला. पहिल्याच धुण्यात गेला! पण विकत घेणाऱ्या जैनबबींनी मला परत नाही केलं, अंगणात अंथरलं. आमसुलं, सोडे, मिरच्या, सगळं माझ्या अंगावर सुकलं. सुकलेला माल टिकतो आणि लांब जातो, हे मला कोणी शिकवायला नको.

यंदा मुलगा शाहबाज त्यांना शारजाला घेऊन आला. बॅगेत मीही. फ्लॅटमध्ये हाताला काम नाही. सून सुमैय्या ऑफिसातून आली की, "जेवलात?" "जेवले." एवढंच कोरडं बोलणं. शेवटी जैनबबी म्हणाल्या, "शाहबाज, माझं तिकीट काढ." सुमैय्याचा चेहरा उतरला. तिला सासू हवी होती, पण सांगायचं कसं?

जाण्याआधी जैनबबींना खिडकीबाहेरचं ऊन बघवेना. "केवढं फुकट जातंय गो!" वॉचमनला 'हबीबी' करून त्यांनी गच्ची मिळवली आणि माझ्यावर तांदळाच्या फेण्या घातल्या. महिना ऑगस्टचा. वाळवंटात कसली ओल, असं कोकणातल्या माणसाला वाटणारच. पण समुद्रावरून असा दमट वारा सुटला की संध्याकाळी मी ओलसर, फेण्या चिकट.

"खलास. इथे माझा हात चालत नाही. उद्याचंच तिकीट बघ."

"अम्मी, हाताचा दोष नाही, समुद्राचा आहे," सुमैय्या म्हणाली. "शनिवारी समुद्रापासून लांब, आत वाळवंटात धैदकडे जाऊ. तिथली हवा कोरडी."

"तिथेही नाही सुकल्या तर?"

"तर ओल्याच खाऊ. पण तुम्ही जाऊ नका."

जैनबबी बघतच राहिल्या. "हे आधी का नाही बोललीस?"

"तुम्ही तिकिटाशिवाय दुसरं काही बोलू दिलंत?"

शनिवारी पुन्हा पीठ शिजलं. धैदच्या माळावर मला वाळूत पसरलं, कोपऱ्यांवर चपला ठेवल्या. एक उंट फेण्यांकडे आला, तर शाहबाज त्याच्यामागे "यल्ला, यल्ला" करत धावला. गाडीच्या सावलीत सासू-सून हसून लोळल्या. दुपारपर्यंत फेण्या खडखडीत!

परतताना शाहबाजने विचारलं, "अम्मी, तिकीट कधीचं बघू?"

"आधी मिरच्या बघ. चांगल्या लाल," जैनबबी म्हणाल्या.

आता माझ्यावर मिरच्यांचे डाग आहेत, एक कोपरा उसवलाय. सुमैय्या म्हणते, शिंप्याकडे देऊ. नको गं बाई! एकीने मला ताणून धरा, दुसरीने टाके घाला. सावकाश घाला, मला घाई नाही.