हिरव्या प्रयोगातलं पत्र

मोसमातला शेवटचा प्रयोग म्हणजे हिरवा प्रयोग. त्या दिवशी नटांनी एकमेकांच्या खोड्या काढायच्या, पण प्रेक्षकांना पत्ता लागू द्यायचा नाही, ही आमच्याकडच्या नाटकवाल्यांची जुनी रीत. कुणी चहाच्या किटलीत व्होडका भरतं, कुणी नायकाच्या टोपीत उकडलेलं बीट ठेवतं. फेलित्सिया वोल्निकने पन्नास वर्षांत हे सगळं केलं होतं आणि सोसलंही होतं. पण यंदा तोरुनच्या थिएटरात जूनचा तो रविवार उजाडला तेव्हा तिला त्या खोड्यांची धास्ती वाटत होती, आणि का ते फक्त विंगेतून ओळी सांगणाऱ्या प्रॉम्प्टर तेओदोराला ठाऊक होतं.

फेलित्सियाला संवाद आठवेनासे झाले होते. आधी एखादं नाव सुटायचं, मग वाक्यं, आणि ईस्टरनंतर पानंच्या पानं. तेव्हापासून ती चिठ्ठ्या लपवायला लागली. एक साखरेच्या भांड्यात, एक विणकामाच्या टोपलीत, आणि दुसऱ्या अंकात नवऱ्याचं शेवटचं पत्र वाचायचं असतं त्या पत्रावर तर अख्खा मजकूर. तेविसाव्या वर्षी सिनेमात ट्रामच्या मागे धावली म्हणून देशभर ओळखली गेलेली बाई ती. पुढे अकरा वर्षं टीव्हीच्या मालिकेत औषधाच्या दुकानात उभी राहिली. अजूनही बाजारात बायका तिला अडवून गुडघेदुखीवर काय घेऊ म्हणून विचारत, आणि तीही कंटाळून काहीतरी सांगून टाकी. संवाद विसरण्याचा तिला इतका शीण नव्हता. लपवून लपवून ती थकली होती.

त्यातून थिएटरचे संचालक कुर्प आज प्रयोग बघून नव्या नाटकातल्या मुख्य भूमिकेचं ठरवणार होते. ती भूमिका फेलित्सियाला जिवापाड हवी होती. आणि तितकंच हेही हवं होतं की भर रंगमंचावर मुकं होऊन उभं राहण्याआधी आपण आपल्या पायांनी निघून जावं. दोन्ही एका वेळी कसं जमायचं ते तिला कळत नव्हतं.

"मार्सेलला सांगू का, पत्राला हात लावू नकोस म्हणून?" रंगपटात तिच्या केसांत पिना खोचताना तेओदोराने विचारलं. मार्सेल नाटकात तिचा मुलगा व्हायचा, आणि खोड्यांत त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं.

"सांग की. का म्हणून विचारेल, मग काय सांगशील?"

"डोळे दुखतात म्हणून सांगते."

"त्याच्या पोटात काही राहत नाही, दोरा. संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळेल. राहू दे."

दुसऱ्या अंकात तिने टेबलाशी बसून पत्र उघडलं. तिचा मजकूर त्यावर नव्हता. मार्सेलच्या अक्षरात लिहिलं होतं: अर्धा किलो बीट, शेपू, आंबट साय, लोकरी मोजे, पाव शिळा असला तरी चालेल.

विंगेतून तेओदोराने ओळ दिली. मग पुन्हा, आणि तिसऱ्यांदाही दिली. फेलित्सियाने तिच्याकडे बघितलं, आणि पत्राकडे वळून वाचायला सुरुवात केली.

"अर्धा किलो बीट," ती म्हणाली आणि थांबली. "शेपू." शेपूपाशी तिचा आवाज कापला. मोज्यांपाशी पहिल्या रांगेत कुणीतरी नाक पुसलं. "पाव... शिळा असला तरी चालेल," म्हणून तिने कागदाची घडी घातली, आणि सगळं नाट्यगृह रडत होतं. हसू दाबायला ओठ चावून उभा असलेला मार्सेलही रडत होता.

पडदा पडल्यावर सगळी मंडळी सफरचंदाचा केक कापायला जमली. मार्सेल तिच्यापुढे गुडघे टेकून बसला. "बाई, मी तुमच्यासाठी खड्डा खणला आणि तुम्ही मलाच त्यात पाडलंत."

"असा हिरवा प्रयोग मी जन्मात पाहिला नाही," कुर्प म्हणाले. "सप्टेंबरमध्ये तालमी सुरू. भूमिका तुमची."

तिने हसून मान डोलावली आणि तेओदोराला विंगेत ओढून नेलं.

"मी तीनदा ओळ दिली, फेला. ऐकू नाही आली?"

"आली. मला वाटलं, ही भलतंच काहीतरी वाचतेय." फेलित्सिया खुर्चीवर बसली. "दोरा, ती गंमत नव्हती. मला तेच पत्र वाटलं. नवऱ्याने बीट आणायला सांगितलंय आणि तो आता परत येणार नाही, असं वाटून मी रडले."

मग फेलित्सिया उठली, परत गेली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "कुर्पसाहेब, भूमिका दुसऱ्या कुणाला द्या. माझ्या डोक्यात आता काही राहत नाही. मघाशी मी खेळ केला नव्हता, मला खरंच काही आठवत नव्हतं."

मार्सेलला हसू फुटलं, आणि त्याच्यामागे सगळेच हसायला लागले.

"बाई, पडदा पडला," कुर्प डोळे पुसत म्हणाले. "आता तरी पुरे करा."

"ती खरं बोलतेय, साहेब," तेओदोरा म्हणाली.

"घ्या! प्रॉम्प्टरलाही सामील करून घेतलंय!"

फेलित्सियाच्या अंगात वाद घालायचं त्राण नव्हतं. तिने केकचा तुकडा घेतला, सगळ्यांचे मुके घेतले आणि रंगपटात येऊन कोट चढवला.

"उद्या सांग," तेओदोरा म्हणाली. "उद्या कुणी हसणार नाही."

"उद्या मला आठवेल?"

फेलित्सियाने तेओदोराच्या कानामागची पेन्सिल काढून घेतली, मार्सेलची यादी उलटी केली आणि लिहिलं: कुर्पला नकार कळवायचा. गंमत नाही. मग ती चिठ्ठी तिने तेओदोराच्या हातात दिली.

"सकाळी फोन करून मला हे वाचून दाखव."

"आणि तूच हसलीस तर?"

"तर ओळ पुन्हा दे," फेलित्सिया म्हणाली. "तीनदा दे."