एकतीस जबान्या

प्रांत मोडायचा हुकूम आला आणि दप्तरखान्यात एकच धांदल उडाली. गोऱ्या साहेबांनी चार मुलखांचे तुकडे जोडून तो प्रांत उभा केला होता. साहेब गेले, आणि आता अर्धी गावं उत्तरेकडच्या प्रांतात, अर्धी दक्षिणेकडच्या. कागदांचीही तशीच वाटणी. हेडक्लार्कनं फरशीवर खडूनं तीन चौकोन आखले: उत्तर, दक्षिण, रद्दी.

दप्तरदाराचा पाय मात्र एका जागी ठरेना. तो फडताळं उचकायचा, खिडकीशी जायचा, पुन्हा फडताळाशी.

"पायाला भिंगरी लागलीय का तुमच्या?" हेडक्लार्क म्हणाला.

तो एक गठ्ठा शोधत होता. एकोणीस वर्षांपूर्वी कचेरीपुढच्या चौकात शेतसाऱ्याविरुद्ध लोक जमले होते. गोळीबार झाला, सहाजण गेले. त्यांत त्याचा थोरला भाऊ होता. पुस्तकं बांधायचा तो. जमावानं आधी दगड मारले, असं सरकारी अहवालात आलं. पण त्याआधी एकतीस जणांच्या जबान्या झाल्या होत्या. त्यांची नक्कल करायला बसवलेला नवा कारकून म्हणजे हाच. लोक बसलेले होते, असं एकतीसही जणांनी सांगितलं होतं. जबान्या दाबल्या गेल्या. साहेब त्याला एवढंच म्हणाला होता, "नोकरी हवी ना?" घरी वहिनी होती, तिची तान्ही मुलगी होती. त्यानं तोंडाला कुलूप घातलं.

गठ्ठा सापडला तो रद्दीच्या चौकोनात.

"याला वाली कोण?" हेडक्लार्क म्हणाला. "गोळी घालणारं सरकार गेलं, प्रांतही चालला. उद्या गाडी येईल, घेऊन जाईल."

जेवणाच्या सुट्टीत दप्तरदार तडक घरी गेला. वहिनी शिलाई मशीनवर बसली होती. त्यानं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. मशीन थांबलं.

"म्हणजे यांनी दगड मारला नव्हता."

"नाही, वहिनी. दादा एका म्हाताऱ्याला उचलायला वाकला होता. एका भाजीवालीनं पाहिलं होतं, तिच्या जबानीत आहे."

"आणि तुम्हाला ठाऊक होतं."

त्यानं होकारार्थी मान हलवली.

"पोरीला शाळेत दंगलखोराची पोर म्हणायचे, भाऊजी. रडत घरी यायची. तुम्ही तिला मांडीवर घेऊन समजूत घालायचात. तेव्हाही ठाऊक होतं."

वहिनीनं चपला घातल्या आणि ती पुढं निघाली. तो मागून.

दप्तरखान्यात तिनं हेडक्लार्कला सरळ विचारलं, "कचेरीपुढचा चौक कुठं गेला? उत्तरेला की दक्षिणेला?"

"दक्षिणेला, बाई."

"मग माणसं मेली तिथलेच कागद ना हे?"

हेडक्लार्कनं दप्तरदाराला बाजूला घेतलं. "यादीत चढवलंत तर नवं सरकार विचारील, इतकी वर्षं कुठं होतं? तुमचीच मान अडकेल. निवृत्तीला किती राहिलं तुमच्या?"

"बरंच राहिलंय," दप्तरदार म्हणाला. त्यानं दक्षिणेची यादी ओढून घेतली आणि लिहिलं: 'गोळीबार. जबान्या एकतीस. नक्कल माझ्या हातची.' खाली सही केली.

आठ महिन्यांनी दक्षिणेकडून बोलावणं आलं. एकतीसांपैकी नऊजण हयात होते. चौकशीत दप्तरदारानं आपलं गप्प बसणंही सांगून टाकलं. त्याला एक पायरी खाली उतरवून टपालखोलीत बसवलं. नव्या अहवालात सहा नावं आली आणि पुढं लिहिलं होतं, 'जमाव शांत बसलेला होता.'

ते पान वहिनीनं मुलीला सासरी पाठवलं. दिराशी ती कामापुरतंच बोलायची. एका दुपारी मात्र त्याच्यापुढं ताट ठेवून ती तिथंच टेकली.

"भाजीवालीची जबानी पाठ आहे ना तुम्हाला?"

"आहे."

"म्हणा. पहिल्यापासून."