कड्यावरची दुर्बीण आणि लाल रजई

मी एक जुनी दुर्बीण आहे. डोंगराच्या टोकाशी, कठड्याला लागून, लोखंडी पायावर उभी. मित्रांनो, माझ्याइतकं लांबचं या गावात कुणालाच दिसत नाही, हे मी आधीच सांगून टाकते. फुशारकी म्हणा हवं तर!

भिंगं घासणाऱ्या एका आजोबांनी मला घडवलं. पहिल्यांदा डोळा लावला आणि म्हणाले, "झकास!" तो शब्द मी अजून जपून ठेवलाय.

उन्हाळ्यात इथे नुसती झुंबड. लोक डोंगर बघायला इतक्या लांबून येतात आणि माझ्यातून काय शोधतात? स्वतःचं हॉटेल! "अगं बाई, आपली खोली! अहो, तुमचा टॉवेल वाळतोय बघा!" मग अहोंनाही टॉवेल बघायचा असतो. मुलं आइस्क्रीमच्या हातांनी मला गरगर फिरवतात. मला गुदगुल्या होतात, पण भिंग चिकट होतं.

हिवाळ्यात सगळं चिडीचूप. हॉटेलांना कुलपं. शेजारच्या टपरीतल्या चहावाल्या मावशी मला आपला जुना स्वेटर घालतात आणि बाह्यांची गाठ मारतात. माझं खरं काम तेव्हा सुरू होतं. मावशींची लेक समोरच्या डोंगरावरच्या दवाखान्यात नर्स आहे. बर्फ पडला की रस्ता बंद, फोनही मुका. म्हणून मायलेकींचं ठरलेलं: लेकीने रोज सकाळी दवाखान्याच्या कठड्यावर लाल रजई टाकायची. रजई दिसली, म्हणजे लेक सुखरूप.

यंदाचा पहिला बर्फ वादळ घेऊनच आला. ते थांबताच मावशी धावत आल्या, स्वेटर ओढून काढला, डोळा लावला. लाल काहीच नाही. नुसतं पांढरं.

"दवाखान्यावर बर्फ तर नाही ना कोसळला?" मावशींनी पदर खोचला. "मी चालले तिकडे."

"या निसरड्यावरून? वेड लागलंय का?" खालच्या हॉटेलचे राखणदार काका आडवे आले. "मला बघू द्या आधी."

मी मनातल्या मनात ओरडत होते, अहो, माझ्यातून नको, माझ्याकडे बघा!

काकांनी समोर पाहिलं, मग मला खाली वळवलं. "मावशी, आमचं हॉटेलही गायब झालंय की हो!"

मावशींनी नुसत्या डोळ्यांनी खाली पाहिलं. हॉटेल तर जागच्या जागी होतं.

काका माझ्या पुढ्यात आले. भिंगावर कुणाच्यातरी चिकट बोटांचे उन्हाळ्यातले ठसे होते आणि त्यांच्यावर ओल गोठून जाड साय धरली होती. काकांनी "हाऽऽ" करून ऊब दिली, मऊ मफलरने हलकेच पुसलं आणि बाजूला झाले.

मावशींनी डोळा लावला.

"कार्टीने रजई वाकडीच टाकलीय," म्हणाल्या आणि हसता हसता रडायला लागल्या.

मित्रांनो, उन्हाळ्यात जरूर या. तुमचा टॉवेलही हौसेने बघा. फक्त त्याआधी हात पुसा. तुमच्या मागून, हिवाळ्यात बर्फ तुडवत, एक आई येणार असते. तिला माझ्यातून फक्त एवढंसं लाल दिसायला हवं असतं.