धुराड्याचे सात थर

"काका, धुराडं अजून वाकडं हवं हं! म्हातारी कमरेवर हात ठेवून उभी राहते ना, तस्सं!" मालकीणबाई खालून ओरडल्या आणि जेवायला निघून गेल्या.

परांचीवर गवंड्याच्या अंगाचा तिळपापड झाला. चाळीस वर्षं ओळंबा लावून सरळसोट भिंती उभ्या केल्या आणि शेवटी हे परीकथेतलं घर नशिबी आलं. छपराला पोक, दार गोल, एक खिडकी दुसरीच्या रांगेत नाही. येणारेजाणारे थांबून फोटो काढत, "काय हात आहे!" म्हणत. ते ऐकलं की त्याला पळून जावंसं वाटे. कारण निम्मा वाकडेपणा त्यानं केलेला नव्हता, आपोआप झाला होता. वर्षभर उजवा हात थरथरत होता, आणि हे एका बायकोशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

सोमवारपासून शाळेची भिंत बांधायला ये, असा ठेकेदाराचा निरोप होता. हो म्हणायचं की नाही, या विचारानं आठवडाभर त्याला चैन नव्हतं.

त्यानं खिशातून ओळंबा काढला.

"अहो, ते वाकडं हवंय," खाली सिमेंटचा माल कालवणारी बायको म्हणाली.

"ठाऊक आहे. तू माल दे."

"आणि बाई आल्या म्हणजे?"

"पाडीन."

ती मालाचं घमेलं घेऊन वर आली.

तो एकेक वीट लावू लागला. लावायची, दोरी सोडायची, बघायची, काढायची, पुन्हा लावायची. पाचव्या थराला थापी हातातून निसटली. "माझ्या पायावर नको हं, एकच जोडी चपला आहे," बायको म्हणाली. तो हसला आणि त्या हसण्यात हात जरा स्थिर झाला. सातवा थर बसला तेव्हा शर्ट घामानं चिंब झाला होता.

त्यानं दोरी सोडली. बायकोनं एक डोळा मिटून पाहिलं.

"केसभरही फरक नाही," ती म्हणाली.

तेवढ्यात जेवून, डुलकी काढून मालकीणबाई आल्या. "अय्या, हे काय! बाकीचं घर किती गोड झालंय, आणि हे असं कुणीही बांधेल!"

"चुकलंच, बाई. आत्ता पाडतो."

सात थरांना दोन तास लागले होते. एके काळी तेवढ्या वेळात अख्खी भिंत छातीपर्यंत यायची. त्याला आनंद झाला होता आणि रडूही येत होतं.

दोरी नीट गुंडाळून त्यानं ओळंबा बायकोच्या हातात दिला.

"ठेकेदाराला कळव, दुसरा माणूस बघ म्हणावं."

मग माल ओला होता तोवरच त्यानं वरची वीट दोन्ही हातांनी धरून अलगद उचलली.