सातवा रकाना

दुभाषी बाईने फाइल आपल्याकडे ओढली आणि सातव्या रकान्यावर बोट ठेवलं. ‘घरात बोलली जाणारी भाषा’ असा प्रश्न होता. पुढे शाळेच्याच भाषेचं नाव, एकेक अक्षर कोरून काढल्यासारखं. खाली ‘वरील माहिती खरी आहे’ आणि त्याखाली आईची वेडीवाकडी सही.

“हे वाचून तुम्हाला कोण बोलावणार?” वर्गशिक्षिका म्हणाल्या.

त्यांचंही खरंच होतं. विभागात शाळा अकरा, दर वर्षी नव्यानव्या भाषांची मुलं येत राहिलेली, आणि या एका भाषेसाठी ही एकटीच बाई. सगळे तिला ‘अकरा शाळा’ म्हणूनच ओळखायचे. डबा बसमध्ये खायचा, चहा थांब्यावर प्यायचा, असा तिचा संसार. ज्या शाळेत या रकान्यात तिची भाषा लिहिलेली असेल तिथे ती दर आठवड्याला जाई. इथे तशी नोंद नव्हती, म्हणून दीड वर्षात ती या शाळेची पायरी चढली नव्हती.

आज बोलावणं आलं ते पहारेकऱ्याच्या कृपेने. मागच्या आठवड्यात ही आई शाळेत आली, फाटकात तिचं बोट चेंगरलं आणि ती कळवळून दोन शब्द बोलली. पहारेकऱ्याची बायको त्याच भाषेतली. रोज ज्या भाषेत बोलणी खातो ती भाषा माणूस कसा विसरेल? तो तडक ऑफिसात गेला आणि म्हणाला, ही बाई कळवळते तेव्हा वेगळंच बोलते.

टेबलावर आणखी एक कागद होता. मुलगी आठ वर्षांची. वर्गात येऊन दीड वर्ष झालं, पण तोंडातून एक शब्द नाही. गणितं बरोबर, अक्षर नेटकं, पण काही विचारलं की मान खाली. तिला गावाबाहेरच्या विशेष शाळेत हलवावं, असं त्यात लिहिलं होतं. भाषा गोड होती, पण अर्थ एवढाच, की हिची आम्ही आशा सोडली. सगळ्यांच्या सह्या झाल्या होत्या. आईची तेवढी राहिली होती.

आई खुर्चीच्या टोकावर बसली होती. हॉस्पिटलच्या चादरी इस्त्री करता करता तिच्या मनगटांवर भाजल्याचे डाग पडले होते. त्या धुलाईघरात यंत्रांचा आवाज एवढा, की कुणी कुणाशी बोलतच नाही. त्यामुळे तिचं आजवर निभावलं होतं.

‘अकरा शाळा’ने तिला त्यांच्या भाषेत “ताई” अशी हाक मारली, तशी तिने आधी दाराकडे पाहिलं, मग वर्गशिक्षिकांकडे, आणि चोरी सापडल्यासारखे हात मांडीत ओढून घेतले.

मग ती सांगू लागली. जावेने कानमंत्र दिला होता. आपली भाषा लिहिलीस तर पोरीला मागच्या खोलीत बसवतील, आणि एकदा मागे बसलं की माणूस मागेच राहतं. जावेचा थोरला राहिला तसाच, म्हणे. दिराने चिठ्ठीवर शाळेच्या भाषेचं नाव लिहून दिलं, आणि हिने ते बघून बघून फॉर्मवर उतरवलं.

“मग घरी तुम्ही शाळेची भाषा बोलता?”

“मला कुठे येते ती?”

“मग मुलीशी कसं बोलता, ताई?”

आईने बोटाच्या पेराने टेबलावर एकदा ठोकलं. “हे म्हणजे जेवायला ये.” मग दोनदा ठोकलं. “हे म्हणजे झोप.” तिसऱ्यांदा उचललेला हात तिने तसाच खाली घेतला. “बोलत नाही आम्ही. खरं आहे म्हणून सही केली होती ना मी. कुणी घरी तपासायला आलं असतं तर?”

सही केली त्याच संध्याकाळी तिने मुलीला समोर बसवलं होतं आणि ओठांवर बोट ठेवलं होतं. नवरा अजून मागे गावीच होता, इकडे यायचे त्याचे कागद व्हायचे होते. त्याचा फोन आला की ही जिन्यात जाऊन बोलायची. मुलीला घरात सगळे टकळी म्हणायचे, कारण ती झोपेतही बडबडायची. ती आठ दिवसांत गप्प झाली. आईला वाटलं, आपली भाषा थांबली की शाळेची आपोआप येईल. आधी भांडं रिकामं करावं, मग भरावं, एवढंच तिला कळत होतं.

‘अकरा शाळा’ने चष्मा काढला.

“ताई, तो रकाना तपासायला नव्हता. माणूस पाठवायला होता. आपली भाषा लिहिली असतीत, तर मी आले असते. ती मागची खोली म्हणजे मीच.”

आईने मान वर केली.

“कधीपासून आला असता तुम्ही?”

“पहिल्या दिवसापासून. माझी बस या दारावरूनच जाते.”

आई रडली, तेही आवाज न करता. तिला ती सवयच झाली असावी. ‘अकरा शाळा’ला तिचा हात धरावासा वाटला आणि तिने तो धरला.

वर्गशिक्षिकांना सगळं समजावून सांगितलं, तेव्हा त्याही गलबलल्या. पण कागद वरपर्यंत जाऊन सह्या घेऊन आला होता. तो रद्द करायचा तर मुलगी बोलते, एवढं तरी त्यांना लिहून द्यायला हवं होतं. एक शब्द पुरे, त्या म्हणाल्या, कुठल्याही भाषेतला.

मुलगी बाहेर बाकावर बसली होती. आई उठून दारात गेली.

“टकळे,” ती म्हणाली. आवाज फाटला, म्हणून तिने पुन्हा हाक मारली. “टकळे, ये गं इकडे.”

मुलगी ताडकन उठली. दप्तर तिथेच टाकून ती धावत आली. ‘अकरा शाळा’ला वाटलं, आता ही आईच्या गळ्यात पडणार. मुलीने टाचा उंचावल्या आणि दोन्ही तळव्यांनी आईचं तोंड घट्ट दाबून धरलं. मग मान वळवून तिने वर्गशिक्षिकांकडे पाहिलं.

“आई काही बोलली नाही,” ती शाळेच्या भाषेत म्हणाली, एकही चूक न करता. “खरंच. आम्ही घरी तुमचीच भाषा बोलतो.”

आईने मुलीचे हात हळूच खाली घेतले आणि ‘अकरा शाळा’कडे वळली.

“काय म्हणाली हो ती?”